बॅलन्स बाइकवरून पायडलच्या सायकलवर: साइडची चाकं न लावता पोरांना कसं शिकवायचं

आमच्या लेकीकडं दोन वर्षांची असल्यापासून बॅलन्स बाइक आहे, म्हणजे ती बिनपायडलची छोटी सायकल, सीटवर बसायचं आणि पायानं जमीन ढकलत जायचं. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत ती पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा जो तो विचारायचा, हिचं पायडल कुठं पडलं? ती चार वर्षांची झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत पायडलच्या सायकलवर आली, साइडची चाकं एकदाही लावली नाहीत, आणि तेव्हापासून कॉलनीतल्या आया मला गेटवर थांबवून विचारतात की कसं केलं, किती दिवस लागले, कुठली सायकल घेतली. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते, आमचं काय चुकलं तेही लिहिते, कारण त्या चुकांमधूनच मला खरं कळलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बॅलन्स बाइक नीट चालवणाऱ्या पोराला तोल सांभाळणं शिकवायचं नसतं, ते त्याला आलेलंच असतं. त्याच्यासाठी नवीन गोष्टी तीनच आहेत: एक म्हणजे सायकल जड झाली, दुसरं म्हणजे पाय गोल फिरवायचे, आणि तिसरं म्हणजे पायानं थांबायचं नाही, हातानं ब्रेक दाबून थांबायचं. आपण काय करतो, वाढदिवसाला चकचकीत सायकल आणतो, पोराला वर बसवतो आणि म्हणतो मार पायडल, म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम त्याच्या अंगावर टाकतो आणि मग ते घाबरलं की म्हणतो अजून लहान आहे, लावा साइडची चाकं. एका वेळी एकच नवीन गोष्ट द्या. बाकी खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का. सायकलचा जन्मच असा झालाय. जर्मनीत मानहाइम गावात 1817 साली कार्ल ड्राइस नावाच्या माणसानं लाकडाची दोन चाकी गाडी बनवली, तिला पायडल नव्हतंच, माणसं पायानं ढकलत पळायची. पुढच्या चाकाला पायडल लावलेली सायकल लोकप्रिय झाली ती 1860 नंतर, फ्रान्समध्ये. म्हणजे मोठी माणसंसुद्धा आधी तोल शिकली आणि पायडल बऱ्याच वर्षांनी आलं, मग आपल्या पोरांनी त्याच क्रमानं शिकलं तर काय बिघडलं.

पोरगं तयार आहे की नाही हे वयावरून ठरवू नका. साडेतीन ते पाचच्या मधे बरीचशी पोरं तयार होतात, पण शेजारचं पोरगं साडेतीनला चालवतंय म्हणून आपल्याला घाई नको. बघायचं हे की बॅलन्स बाइकवर दोन्ही पाय वर उचलून ते किती लांब जातंय. आमची लेक कॉलनीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एका दमात पाय वर घेऊन जायची आणि टाकीपाशी पाय न टेकता वळायची. पाय वर घेऊन वळता यायला लागलं की समजायचं झालं. नुसतं सरळ जाता येतंय पण वळताना पाय टेकतोय, तर अजून महिनाभर बॅलन्स बाइकच खेळू द्या, काही तोटा नाही. आणखी एक खूण म्हणजे पोरगं स्वतःच दुसऱ्यांच्या सायकलच्या पायडलवर पाय ठेवून बघायला लागतं, आमची तर दूधवाल्याच्या सायकलचं पायडल हातानं फिरवत बसायची.

साइडच्या चाकांबद्दल आता सविस्तर लिहिते, कारण दुकानात हेच आधी गळ्यात पडतं. आम्ही सायकल घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाले, ताई बॅलन्सर लावूनच देतो, फ्री आहे. मी नको म्हटलं तर त्यांना वाटलं मला कळत नाही. पण विचार करा, दोन चाकी सायकल वळताना आतल्या बाजूला झुकते, आणि पडायला लागली की ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल थोडं वळवून आपण सावरतो, हे आपण मोठे लोक न कळत करतो आणि बॅलन्स बाइकवर पोरं पण तेच करत असतात. साइडची चाकं लावली की सायकल झुकतच नाही, वळताना अंग उलट बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणजे दोन वर्षं कमावलेली सवय मोडून आपण उलटी सवय लावतो. ज्या पोराकडं बॅलन्स बाइक नव्हतीच त्याचं वेगळं, त्यांच्या आईबापांनी काय करायचं ते करावं, पण बॅलन्स बाइकवाल्याला साइडची चाकं म्हणजे पोहता येणाऱ्याला डबा बांधण्यासारखं आहे.

आता सायकल कुठली. इथं आमची पहिली चूक झाली. आपल्याकडं कपडे घेतात वाढत्या अंगाचे, फ्रॉक पण एक नंबर मोठा, चपला पण एक नंबर मोठ्या, आणि त्याच हिशोबानं सायकल पण वाढत्या अंगाची घेतली, 16 इंची. दुकानात उंच धरून बसवलं तेव्हा बरी वाटली. घरी आल्यावर बघतो तर सीट पार खाली घेतली तरी पोरीचे फक्त अंगठे टेकत होते. बॅलन्स बाइकवर दोन वर्षं तळपाय जमिनीला टेकलेल्या पोरीला एकदम अधांतरी बसवलं, ती घाबरली आणि उतरून जी पळाली ते दीड महिना त्या सायकलकडं बघितलं नाही. शेवटी ती सायकल तशीच पार्किंगमधे ठेवून तिच्यापुरती 14 इंची जुनी सायकल घेतली, नव्या पेठेत ओळखीतून मिळाली, आणि त्यावर ती शिकली.

त्यामुळं दुकानात जायच्या आधी घरी माप घ्या. पोराला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोन्ही मांड्यांच्या मधे एक जाड पुठ्ठ्याची वही आडवी धरून हळूच वर सरकवायची, थांबली की वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेपनं मोजायचं. आमच्या लेकीचं 43 सेंटिमीटर भरलं. दुकानात गेल्यावर सीट सगळ्यात खाली घ्यायला सांगायची आणि जमिनीपासून सीटच्या वरपर्यंत मोजायचं, ते तुमच्या मापाइतकं किंवा त्याच्यापेक्षा कमी पाहिजे. जास्त असेल तर कितीही छान रंग असू दे, ती सायकल घ्यायची नाही. चाकाच्या इंचावर जाऊ नका, 14 इंची दोन कंपन्यांच्या दोन सायकलींच्या सीटची उंची वेगळी असते.

दुसरं माप वजनाचं, आणि हे कुणीच बघत नाही. बॅलन्स बाइक साधारण तीन-चार किलोची असते. आमची ती 16 इंची सायकल मी घरच्या वजनकाट्यावर मोजली, म्हणजे आधी माझं वजन केलं, मग सायकल उचलून घेऊन काट्यावर उभी राहिले आणि वजा केलं, साडेदहा किलो! आणि पोरगी पंधरा किलोची. तुम्हीच सांगा, साठ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोची सायकल दिली तर त्याला आवरेल का. 14 इंची सायकलवरचं कॅरिअर, पुढची बास्केट, स्टँड, मागची उंच दांडी, सगळं आम्ही काढून टाकलं तेव्हा ती साडेसातवर आली. लेक बास्केटसाठी रुसली, तिला म्हटलं शिकलीस की परत लावू, आणि शिकल्यावर लावली.

सायकल आली की लगेच पायडल मारायला लावू नका. उलट पायडल काढून टाका. हो, नव्या सायकलचं. तीन-चार दिवस ती मोठी बॅलन्स बाइक म्हणूनच फिरवू द्या म्हणजे पोराला नुसतं नवीन वजन आणि नवीन उंची कळते, बाकी काही नाही, एका वेळी एकच. पायडल काढायला बऱ्याच सायकलींना 15 नंबरचा पाना लागतो. यात एक गंमत आहे जी माहीत नसली तर तास जातो, उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात पण डाव्या पायडलचे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पाना वरच्या बाजूनं मागच्या चाकाकडं फिरवला की दोन्ही पायडल सैल होतात, पुढच्या चाकाकडं फिरवला की दोन्ही घट्ट. काढल्यावर कुठलं डावं कुठलं उजवं ते पिशवीवर लिहून ठेवा. परत बसवताना आधी बोटानं दोन-तीन आटे सरळ बसू द्या, मगच पाना लावा, वाकडं घुसवून पान्यानं जोर लावला तर पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे आटे जातात आणि मग नवीन दांडाच घ्यावा लागतो. जमत नसेल तर सायकलवाल्या मामांकडं न्या, दोन मिनिटांचं काम आहे, फक्त त्यांना नीट सांगा की पायडल काढायचंय, नाहीतर ते बदलून देतील. पायडल काढलं तरी दांडे राहतातच आणि ते नडगीला लागतात, म्हणून त्या दिवसांत फ्रॉक नको, फुल पँट घाला.

याच तीन-चार दिवसांत ब्रेक शिकवून टाकायचा. ब्रेकबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण पायडल मारणं पोरं कशीही शिकतात, थांबणं मात्र शिकवावं लागतं.

आमचं काय झालं ते सांगते. मी ब्रेकचं नंतर बघू म्हणून सोडून दिलं होतं. पायडल लावल्यावर पहिल्याच दिवशी ती नुसतं पायानं ढकलत बऱ्यापैकी चालवायला लागली, मी टाळ्या वाजवतेय, आणि ती पार्किंगच्या उताराकडं वळली. उतारावर सायकल पळायला लागल्यावर तिनं दोन वर्षांची सवय होती तेच केलं, दोन्ही पाय खाली सोडले. पण बॅलन्स बाइकवर पाय खाली सोडले की मधे काही येत नाही, इथं पायडल येऊन पोटरीला बसलं, पाय मागं गेले आणि ती सरळ जाऊन उभ्या स्कुटीवर आदळली. हनुवटीला खरचटलं, हेल्मेट होतं म्हणून डोक्याला काही झालं नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तिला थांबायचा एकच मार्ग माहीत होता आणि दुसरा मी शिकवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही पायडल परत काढलं आणि ब्रेकपासून सुरू केलं.

आधी सायकलवर बसायचंच नाही. पोरानं सायकलच्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरून चालायचं, आपण म्हणायचं स्टॅच्यू, त्यानं दोन्ही ब्रेक दाबून सायकल जागच्या जागी उभी करायची. स्टॅच्यूचा खेळ सगळ्या पोरांना येतो त्यामुळं शिकवावं लागत नाही. याच्यात आपल्याला पण कळतं की पोराची बोटं ब्रेकपर्यंत पोचतात की नाही. लहान सायकलींचे ब्रेक बऱ्याचदा कडक असतात आणि लांब असतात, ब्रेकच्या दांडीपाशी एक छोटा स्क्रू असतो तो पिळला की दांडी हँडलच्या जवळ येते, आणि तार कडक असेल तर तेल सोडून घ्या. पोराच्या दोन बोटांनी ब्रेक दाबला गेला पाहिजे. कुठला ब्रेक पुढच्या चाकाचा आणि कुठला मागच्याचा ते प्रत्येक सायकलवर स्वतः दाबून बघा, अंदाजावर जाऊ नका. मी लेकीला दोन्ही एकदम पण हळूहळू दाबायला शिकवलं, कचकन नाही. आम्ही त्याला लिंबू पिळणं म्हणायचो, लिंबू पिळ, हळू पिळ.

मग रांगोळीचा खेळ. बिनपायडलच्या सायकलवर बसून पायानं ढकलत वेग घ्यायचा, पाय वर, आणि मी फरशीवर रांगोळीनं जी आडवी रेघ ओढलीय तिच्यावर पुढचं चाक थांबवायचं, पाय न टेकता फक्त ब्रेकनं, थांबल्यावर मग पाय टेकायचे. पहिल्या दिवशी ती रेघेच्या पुढं हातभर जायची नाहीतर अलीकडंच गच्च थांबायची. तिसऱ्या दिवशी चाक बरोबर रेघेवर, रांगोळीचा पांढरा पट्टा टायरला लागलेला दाखवत आली. तो पट्टा दिसल्याशिवाय मी पायडल लावायची नाही असं ठरवलं होतं, तुम्ही पण तसंच ठरवा.

आता पायडल. पायडल लावलं तरी पहिल्यांदा चालवायचं नाही, जागेवर मारायचं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूच्या नटांखाली विटा रचून, वर एखादी फळी टाकून मागचं चाक दोन बोटं अधांतरी केलं, मी पुढं स्टुलावर बसून पुढचं चाक गुडघ्यात आणि हँडल हातात घट्ट धरलं, आणि लेकीला वर बसवून म्हटलं मार. ती मागंच फिरवायला लागली! पुढं अर्धा फेरा, मागं अर्धा फेरा. तीन चाकी सायकल चालवलेल्या पोरांना हा त्रास होत नाही, पण बॅलन्स बाइकवाल्यांनी पाय गोल कधी फिरवलेलेच नसतात, त्यांना ढकलायचं माहीत. तिला गोल फिरव गोल फिरव सांगून काही कळेना. मग मी म्हटलं, खालच्या पायाला विसर, जो पाय वर आहे तोच दाब. वरचा पाय, वरचा पाय, वरचा पाय, असं तालात म्हणत राहिले आणि दहा मिनिटांत चाक भिरभिर फिरायला लागलं. दोन दिवस रोज दहा मिनिटं हेच केलं. मागचं चाक फिरत असताना दुसरं लहान पोरगं जवळ येऊ देऊ नका, तारांमधे आणि चैनमधे बोटं घालतात, चैनला कव्हर असलंच पाहिजे.

खरं चालवायच्या दिवशी सुरुवात बॅलन्स बाइकसारखीच करू द्या. ढकल, ढकल, ढकल, आता पाय पायडलवर, वरचा पाय दाब. पहिले दोन-तीन दिवस हेच चालेल, कारण सायकल पळत असली की तोल आपोआप राहतो आणि तो तिला येतोच. उभ्या सायकलवरून सुटायचं ते नंतर शिकवा, ते जरा अवघड आहे: एक पाय जमिनीवर, दुसऱ्या बाजूचं पायडल वर आणि थोडंसं पुढं आणायचं, मी लेकीला सांगायचे की पायडलनं तुझ्या गुडघ्याकडं बघायला पाहिजे, त्याच्यावर पाय ठेवून जोरात दाबायचं आणि त्याच वेळी जमिनीवरचा पाय उचलायचा. पायडल खाली असेल तर पायाच्या अंगठ्यानं खालून उचलून मागं फिरवून वर आणता येतं हे पण एकदा दाखवा, नाहीतर पोरं प्रत्येक वेळी उतरून हातानं फिरवतात.

सगळ्यांची नजर पायाकडं जाते. पायाकडं बघितलं की हँडल वळतं आणि धडपडतात. मी पुढं दहा पावलांवर उभी राहून बोटं दाखवायचे, किती आहेत सांग, म्हणजे मान वर राहायची.

धरायचं कसं, हे मला आमच्या सासऱ्यांनी शिकवलं. तात्या आयुष्यभर गिरणीत सायकलवर गेलेत, स्वतः लहानपणी भाड्याच्या मोठ्या सायकलवर नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलेले. मी सकाळी एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं सीट धरून लेकीच्या मागं पळत होते, ती म्हणत होती सोड ना मम्मी, आणि मी सोडलं की ती वाकडी. तात्या गेटपाशी उभे होते, म्हणाले, "अगं सायकल कशाला धरायलीस, पोरीला धर की." आणि खांद्यावरचा टॉवेल काढून दिला.

सोलापुरात टॉवेल नाही असं घर नाही, तो जाड सुती टर्किश टॉवेल घ्यायचा, लांबीत दुमडून पट्टा करायचा, पोराच्या छातीवरून दोन्ही काखांखालून मागं घ्यायचा आणि दोन्ही टोकं मागं आपल्या मुठीत. गाठ मारायची नाही, अजिबात नाही, म्हणजे कधीही सोडता आला पाहिजे. टॉवेल ढिला ठेवायचा, ओढायचा नाही, पोरगं पडायला लागलं तरच तो ताणला जातो. हँडल धरलं की आपणच सायकल चालवतो, सीट धरली की सायकल झुकूच देत नाही, म्हणजे साइडच्या चाकाचंच काम आपण करतो. टॉवेलमधे सायकल पूर्ण पोराच्या ताब्यात असते आणि पोरगं आपल्या ताब्यात. ओढणी वापरू नका, ती सुळकन सटकते आणि टोक तारांमधे जाऊन गुंडाळतं, ते फार वाईट. टॉवेलची टोकं पण लोंबती ठेवू नका, मुठीला एक वेढा घ्या.

पहिल्या फेरीला मी गेटपासून टाकीपर्यंत पळाले. दुसऱ्या फेरीला अर्ध्यात लक्षात आलं की टॉवेल माझ्या हातात नुसता ओझ्यासारखा आहे, ताण काहीच नाही, त्याच्या सुरकुत्या तशाच्या तशा. तिसऱ्या फेरीला मी एक टोक सोडलं, टॉवेल सरकून माझ्या हातात आला, आणि ती तशीच पुढं गेली, टाकीपाशी वळली, ब्रेक दाबला, पाय टेकला आणि तिथून ओरडली, मम्मी तू तिकडं का थांबलीस!

जागा आणि वेळ. गवतावर शिकवा म्हणतात म्हणजे पडलं तर लागत नाही, पण गवतात आणि मातीत चाक जड जातं, लहान पायांना वेग घेता येत नाही आणि वेग नसला की तोल जातो. कडक, सपाट जागा पाहिजे, कॉलनीतला आतला सिमेंटचा रस्ता किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेचं ग्राउंड कडक असेल तर तेही चालेल, परवानगी घेऊन. होम मैदान मोठं आहे पण जानेवारीत तिथं गड्ड्याची जत्रा भरते, त्या दिवसांत सायकलचा विचारच नको. पाऊस झाल्यावर काळ्या मातीच्या कडेनं जाऊ नका, ती माती चाकाला धरते आणि मडगार्डमधे बसून चाक फिरेनासं होतं. आणि आपल्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर सराटे असतातच, पावसाळ्यानंतर वाळले की तर फारच टोकदार. बॅलन्स बाइकला बऱ्याचदा भरीव फोमचं टायर असतं त्यामुळं पंक्चर काय असतं हे पोरांना माहीतच नसतं, नव्या सायकलला ट्यूब असते, आमची पहिल्या आठवड्यात दोनदा पंक्चर झाली. रोज निघायच्या आधी टायरवरून फडकं फिरवा, काटा अडकला असेल तर कळतो, आणि अंगठ्यानं दाबून हवा बघा, हवा कमी असली की सायकल जड लागते आणि आपण उगीच पोराला म्हणतो जोर लाव. हवा सारखी जात असेल तर पंक्चरच असेल असं नाही, वालट्यूब, म्हणजे हवा भरायच्या तोंडावरची छोटी रबरी नळी, खराब झालेली असते, ती बदलली की काम होतं.

एप्रिल-मे मधे शिकवायचं असेल तर सकाळी साडेसहा ते आठ, बस. सोलापूरचं ऊन काय सांगायचं, पारा 40 च्या वर गेला की डांबरावर पडलेल्या पोराला खरचटतं आणि चटका पण बसतो. संध्याकाळी सहानंतर सुद्धा रस्ता तापलेलाच असतो. पाण्याची बाटली न्या. आमच्या हिशोबानं दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, पोरगं अजून खेळायचंय म्हणत असतानाच आत न्या म्हणजे उद्या स्वतःहून येतं.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून, ते पण मापाचं. भुवयांच्या वर एक बोट सोडून डोक्याभोवती टेप फिरवून सेंटिमीटरमधे माप घ्या आणि त्या मापाचं सायकलचं हेल्मेट घ्या, हे वाढत्या अंगाचं घेतलं तर पडताना मागं सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. घातल्यावर भुवई आणि हेल्मेटच्या मधे दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं. चप्पल नको, बूट पाहिजेत, लेस असेल तर आत खोचलेली. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल आणि उलटी झाली, फार झोप यायला लागली किंवा पोरगं नेहमीसारखं वागत नसेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडं.

काही पोरं पायडलची सायकल बघून नाहीच म्हणतात. मग जुनी बॅलन्स बाइक लपवून ठेवायची चूक करू नका. दोन्ही बाहेर ठेवा. आमची लेक दोन आठवडे दोन्ही चालवत होती, पायडलवर चार फेऱ्या आणि मग थकली की बॅलन्स बाइक. खालच्या मजल्यावरच्या ताईंच्या मुलानं तर पायडल लावल्यावर तीन दिवसांनी रडून काढायला लावलं, त्यांनी काढून दिलं, तीन आठवड्यांनी तोच म्हणाला आता लाव. चॉकलेटचं आमिष, बघ ती मुलगी असून चालवते, असलं काही बोलू नका, पोरं मनात धरून बसतात.

सरळ जाणं, वळणं, थांबणं जमलं म्हणजे रस्त्यावर सोडायचं असं नाही. एवढ्या लहान पोरांना गाडी किती जोरात येतेय याचा अंदाज येत नाही. आमच्याकडं नियम आहे की गेटच्या आत, आणि गेटची रेघ आली की थांबायचंच, रांगोळी असो नसो. विजापूर रोड किंवा होटगी रोडला मोठी माणसं जीव मुठीत धरून चालवतात तिथं चार वर्षांच्या पोराचं काय काम. कुत्री मागं लागतात हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे, लेकीला सांगितलंय की कुत्रं भुंकायला लागलं तर जोरात पळवायचं नाही, थांबायचं, उतरायचं, सायकल मधे धरायची आणि मला हाक मारायची, आणि मी हाकेच्या अंतरावर असतेच.

शेवटचं काम सीटचं. शिकताना सीट खाली ठेवली होती, तशीच ठेवली तर गुडघे पोटाला लागतात आणि पोरगं लवकर दमतं. बिनधास्त सुटायला आणि थांबायला लागलं की दर आठवड्याला एक-एक बोट वर घ्या, पायडल पार खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील आणि बसल्यावर पायाची बोटं जमिनीला टेकतील इथपर्यंत. सीटच्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसायला लागली की त्याच्या वर घ्यायची नाही. आणि पहिल्या आठवड्यानंतर पाना घेऊन दोन्ही पायडल, सीटचा नट आणि हँडलचा बोल्ट एकदा आवळून घ्या, आमचं डावं पायडल दोन आटे सैल झालेलं सापडलं होतं.